मामंजींना लूत लागली

साखरा, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५९

मिराच्या वडिलांस नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व खुशाल' असं लिहायची रीत आहे. ती ओळ मी सोडते, कारण इकडे सर्व खाजवत आहेत. गाय खाजवते, म्हैस खाजवते, पाटलांच्या बैलजोडीनं अंग घासून घासून गोठ्याचा खांब तिरपा केला आहे. आणि या सगळ्यांच्या आधी ज्यांनी खाजवायला सुरुवात केली ते मामंजी.

दचकू नका. तुमचे वडील जिथे आहेत तिथे सुखात असतील. मी लिहिते आहे ते त्यांच्या नावानं सोडलेल्या बैलाबद्दल. सारं गाव त्याला त्यांच्याच नावानं हाक मारतं. मला सासऱ्याचं नाव घेता येत नाही, म्हणून मी त्यालाही मामंजीच म्हणते, आणि तो दारात आला की डोक्यावर पदर घेते. मिरा हसते मला. हसू दे, घरात तेवढंच हसणं उरलं आहे.

फाल्गुनात मामंजी गेले, तेराव्याला हा बैल सोडला आणि त्याच आठवड्यात तुम्ही अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला निघून गेलात. त्यानंतरचं हे माझं पहिलं पत्र. माझ्या वडिलांनी पोथी वाचता यावी म्हणून मला अक्षरं शिकवली होती. पोरगी ती अक्षरं नवऱ्याला बैलाची तब्येत कळवायला वापरील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

तुम्ही गेलात तेव्हा ते वासरू होतं. आता बघाल तर ओळखणार नाही, म्हणजे आषाढात बघितलं असतं तर ओळखलं नसतं. प्रत्येक दारी भाकरी, कुणाच्या शेतात शिरला तरी हाकलायचं नाही, काठी उगारायची नाही. वशिंड असं भरलं होतं की शेजारची जिवनबाई म्हणायची, "सासरा तुझा जित्ता असताना एवढा कदी भरला व्हता का गं?" देवाचा बैल ज्याच्या खांबाला अंग घासतो त्याचा गोठा भरतो, हे इथं लहान पोरालाही पाठ आहे. मग काय, जो तो त्याला भाकरी दाखवून आपल्या गोठ्यात न्यायला लागला. काही बायांनी खांबाला काथ्या गुंडाळला, घासायला बरं वाटावं म्हणून. त्या काही बायांत मीही आहे. तुमच्या घराचा गोठा भरावा असं मला वाटलं, त्यात काय चुकलं?

भाद्रपदात शेपटीच्या मुळाशी केस गेले. मग वशिंडावर खपल्या धरल्या. मग मानेवर. अंगाची आग होत असेल, म्हणून तो दारोदार जास्तच हिंडायला लागला, आणि आम्हाला वाटलं की यंदा देव आपल्यावर फारच प्रसन्न आहे, रोज दारी येतो. दिवाळी होईतो ज्या ज्या घरी तो गेला त्या त्या घरची ढोरं खांबाला लागली. आपली कपिलीसुद्धा. म्हणजे त्याची आईच. ती गाभण आहे आणि रात्रंदिवस मान घासते.

आत्याबाईंनी त्याला हळद लावली, दही लावलं. काही उतार नाही. काल त्या त्याच्यासमोर बसून म्हणाल्या, "काहून असे करून राहिले तुमी? लेकराचा राग असंल तर लेकरावर काढा, मुक्या जित्राबावर काहून काढता?" बैलानं त्यांच्या हातातली भाकरी खाल्ली आणि ओट्याला अंग घासलं.

आत्याबाईंचं म्हणणं, आपला मुलगा घर सोडून गेला म्हणून बाप खाजवतो आहे. गावही हळूहळू तसंच बोलायला लागलं आहे. मला ते पटत नाही. पण तुम्ही दोन दिवस येऊन गेलात तर बोलणाऱ्यांची तोंडं तरी बंद होतील. संतराम कापसाची गाडी घेऊन अकोल्याला येतो आहे, त्याच्या हाती हे देते. पाकिटावर तुमचं नाव मात्र त्यालाच कुणाकडून तरी लिहून घ्यायला सांगितलं आहे.

शेवटी 'आपली दासी' लिहायचं असतं म्हणे. मी नुसती,

द्वारका


साखरा, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

मिराच्या वडिलांस नमस्कार.

पहिल्या पत्राला उत्तर नाही. असो. तुम्हाला लिहायचा कंटाळा आहे हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे.

यावेळी नीट वाचा, कारण काम आहे. तांड्यावरचे धनसिंग तुम्हाला माहीत आहेत, मामंजींनी कपिली त्यांच्याकडूनच आणली होती. त्यांच्या गाई आपल्या गाईंबरोबर माळावर चरतात, त्यांनाही लागण झाली. गोरेगावच्या बाजाराला हिंगोलीहून ढोरांचे डॉक्टर आले होते. धनसिंगांनी त्यांना आपल्या गाडीत घातलं आणि सरळ साखऱ्याला आणलं. वयस्कर गृहस्थ आहेत, दाढी पांढरी, बोलणं सगळं हैदराबादकडचं.

आत्याबाईंनी भाकरी दाखवून मामंजींना आवारात बोलावलं. डॉक्टरांनी लांबून बघितलं आणि विचारलं, "बैल का नाम क्या है?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं. आत्याबाईंना नवऱ्याचं नाव घेता येत नाही, मला सासऱ्याचं. आम्ही दोघी जमिनीकडे बघत उभ्या. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी मोठ्यानं विचारलं. मी पदर तोंडाशी धरला. शेवटी धनसिंगच म्हणाले, "सटवाजी." (दुसऱ्याच्या तोंडचं नुसतं उतरवलं तर नाव घेतल्यासारखं होत नाही, असं मी ठरवलं आहे.) त्या भल्या माणसानं मान डोलावली, पुढे झाले आणि म्हणाले, "आओ सटवाजी, जरा पीठ दिखाओ." आत्याबाई कित्येक दिवसांनी हसल्या.

त्यांनी बोथट सुरीनं वशिंडाजवळची खपली खरवडली, अगदी रक्त टिपकेपर्यंत. मग माझ्याकडे काळं कापड मागितलं. जुन्या लुगड्याचा काठ फाडून दिला. त्यावर ती खरवड पसरली आणि कापड उन्हात धरून उभे राहिले. मला वाटलं काही मंत्र वगैरे असेल. थोड्या वेळानं म्हणाले, "अब देखो बाई," आणि भिंग माझ्या हाती दिलं.

मी बघितलं. काळ्या कापडावर पांढरे कण होते, कोंड्यासारखे. ऊन लागलं तसे ते कण चालायला लागले. एकेकाला पाय होते. घाई नव्हती त्यांना, माणसं जेवून उठल्यावर चालतात तसे चालत होते. एवढ्या बारीक जिवानं एवढ्या मोठ्या बैलाला खांबाला लावलं, त्याच्या मागं सारं गाव खांबाला लावलं. मी भिंग आत्याबाईंना दिलं. त्यांनी डोळ्याला उलटंसुलटं लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हे त्यांच्या अंगावर हायेत?"

"देव का कोप नक्को बोलो," डॉक्टर म्हणाले, "किडा है. ये बैल घिसता कहाँ है?"

मग जिवनबाई हळूच म्हणाली, "समद्यांच्या घरी." त्यांना ते समजावून सांगायला बराच वेळ लागला की आम्हीच त्याला बोलावून बोलावून खांब दाखवत होतो. ते रागावले नाहीत. दारोदार फिरून एकेक खांब बघितला, काथ्या सोडवून जाळायला लावला. खपलीतले किडे खांबाला चिकटतात, आणि मागून जे जनावर घासेल त्याच्या अंगावर चढतात. एवढी साधी गोष्ट होती.

उपाय असा. गंधक बारीक वाटून करंजाच्या तेलात खलायचं, खपल्या कोमट पाण्यानं मऊ करून काढायच्या आणि तेल चोळायचं. एका दिवशी अर्ध्याच अंगाला, उरलेल्या अर्ध्याला मागून, नाहीतर औषधच अंगावर येतं. आठवड्यानं परत, कारण अंडी राहतात ती मागून फुटतात. खांबांना उकळतं पाणी आणि चुना. आणि या सगळ्याच्या आधी त्याचं हिंडणं बंद. "पैले बांधो. ये खुल्ला फिरा तो बाकी सब दवा बेकार."

बांधा म्हटल्यावर आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "जित्तेपनी त्यांना कुनी बांधलं न्हाई, आन आता मेल्यावर बांधता व्हय?"

"माजी, नै बांधे तो मरेगा," डॉक्टर म्हणाले. "गाव के जानवर भी."

पाटील तिथंच होते. त्यांनी रीत सांगितली, ती तुम्हालाही ठाऊक आहे. देवाच्या बैलाच्या गळ्यात पुन्हा दोर घालायचा तर ज्या हातानं सोडला त्याच हातानं. दुसऱ्यानं घातला तर ज्याच्या नावानं सोडला तो अडकतो. "ग्यानबानं सोडला, ग्यानबानंच बांधावं. त्याला बलवा."

म्हणून बोलावते आहे. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मी अजून कुणापाशी बोलले नाही, बोलायची वेळ आणू नका. गोरेगावात गंधक चिमूटभर मिळालं, ते कपिलीलाच संपलं. तिला मी बांधून चोळते आहे, तिला रीत आडवी येत नाही.

द्वारका


साखरा, मार्गशीर्ष वद्य अष्टमी

नमस्कार.

संतराम परत आला. तुमचा निरोप त्यानं दारातच सांगितला, आत्याबाईंच्या देखत: "त्यो म्हनला, त्या बैलाशी माझा काई संबंध न्हाई." मग स्वतःच ओशाळून पाणी मागितलं.

मला तुमचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही. या घरात दोन वर्षं मी निरोपच पोहोचवत होते. "त्याला सांग, उद्या तूर काढायची हाय." "त्यांना सांग, मला ठाऊक हाय." एकाच ओट्यावर दोघं बसलेले, मध्ये मी भाकरी वाढणारी, आणि दोघांचं बोलणं माझ्या तोंडून. कधी कधी मला वाटायचं, मी एखाद्या दिवशी दोघांचे निरोप उलटे सांगितले तर काय होईल.

मोऱ्या बैलाबद्दल तुमचं दुःख मला कळतं. तुम्ही त्याला अंगाखांद्यावर वाढवला होता, शंकरपटात पळवायचा म्हणून. तुमच्या बहिणीच्या लग्नात मामंजींनी तो तुम्हाला न विचारता आंदण देऊन टाकला. त्यांची चूक होती. मी हे तेव्हाही म्हटलं होतं, हळू आवाजात. पण त्यानंतर कपिलीला हा गोऱ्हा झाला तेव्हा त्यांनी तो तुमच्या दावणीला बांधला, हेही मी बघितलं आहे. तोंडानं काही म्हणाले नाहीत. ते म्हणणारे माणूस नव्हतेच. तुम्हीही नाही, आणि म्हणूनच मला दोघांचा सारखाच राग यायचा.

शेवटच्या दिवशी, अवकाळी पाऊस पडून गेल्यावर, सकाळी त्यांनी मला हाक मारली, "त्याला सांग, मावळतीच्या धुऱ्याला पानी साचून राहिलंय, वाट करून दे म्हनाव." मी सांगितलं. तुम्ही कुदळ घेऊन गेलात. पाण्याला वाट करून परत आलात तेव्हा ते गेलेले होते. त्यांचं शेवटचं बोलणं तुमच्यासाठी होतं आणि ते शेताच्या धुऱ्याचं होतं. तुम्हाला त्याहून काही बरं हवं होतं, हे तुमच्या तोंडावर दिसत होतं. माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं हो. असतं तर सांगितलं असतं.

मग तेराव्याला आत्याबाईंनी तोच गोऱ्हा निवडला. तुम्हाला वाटलं, जिवंतपणी माझा एक नेला आणि मेल्यावर दुसरा. तुमचा हात त्याच्या गळ्यातल्या गाठीवर होता. मांडीवर डाग दिला तसा तो उधळला, माणसं पांगली, धुरळा झाला, आणि तुम्ही गाठ न सोडताच दोर टाकून निघून गेलात. मी आरतीचं ताट घेऊन मागंच होते. गळ्यात लोंबता दोर घेऊन तो पळाला असता तर कुठं तरी अडकून मेला असता. ताट खाली ठेवलं आणि गाठ मी सोडली. धुरळा बसला तेव्हा लोकांनी मोकळा बैल बघितला आणि तुमच्या नावानं जयजयकार केला. मी ताट उचलून घरात आले. नऊ महिने ही गोष्ट मी पोटात ठेवली आहे, कारण ज्यानं बापाला सोडलं नाही तो मुलगा, असं तुमच्याबद्दल कुणी म्हणू नये.

आता पाटलांनी ठरवलं आहे की तुम्ही आला नाहीत तर भोगीच्या दिवशी बैलाला वाजतगाजत डोंगरापलीकडे हाकलायचं. तिकडं चारा नाही. खपल्यांनी त्याची पाठ सालासारखी झाली आहे, बरगड्या दिसतात, थंडीत उभा राहून कापतो. तो तिकडं जगणार नाही, हे पाटलांनाही ठाऊक आहे. हाकलला म्हणजे मारल्याचं पाप नाही, एवढाच हिशोब.

तुम्ही आलात तर बांधाल आणि कुणाला काही कळणार नाही. नाही आलात तर एक तर बैल जाईल, नाहीतर तुमचं नाव. मी यातलं काय निवडीन हे मला अजून ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखता, तेव्हा विचार करा.

द्वारका


साखरा, पौष पौर्णिमा

मिराच्या वडिलांस नमस्कार.

तुमचं गंधक मिळालं.

संतरामानं गोणपाटात बांधलेलं गाठोडं ओट्यावर ठेवलं. सोबत चिठ्ठी आहे का म्हणून मी दोनदा विचारलं. नाही म्हणाला. "नुसतं हातात देलं आन म्हनला, घरी दे." सगळ्या घराला वास सुटला. आत्याबाईंनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि त्यावर हात ठेवून बसून राहिल्या. मीही त्यांच्याजवळ बसले. ज्या बैलाशी संबंध नाही त्याच्यासाठी एवढं गंधक पाठवणारा माणूस तुम्हीच. वडिलांवर गेला आहात अगदी.

पण गंधक आलं, हात आला नाही. भोगीला सकाळीच माणसं डफ घेऊन पारापाशी जमली. मी भाकरी तव्यावर टाकली होती, ती मिराला बघायला सांगून गेले. पदर घेतला आणि पाटलांपुढं उभी राहिले.

म्हटलं, "बैल मी बांधते. सोडला व्हता त्यो हात माझा हाय."

मग सगळं सांगितलं. धुरळा, ताट, गाठ. तुम्ही निघून गेलात हेही सांगितलं. त्यावाचून बाकीचं खरं वाटलं नसतं. तुमची गोष्ट चव्हाट्यावर मांडली, त्याबद्दल माफी मागणार नाही. यायला सांगितलं होतं.

डफवाला तसाच उभा. पाटलांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "बाईमान्साच्या हातानं सुटलेला बैल देवाचा कसा व्हईल?"

मी रात्रभर याच प्रश्नाची वाट बघत होते. म्हटलं, "पाटील, माझ्या हातानं सुटला आसंल तर माझाच हात बांधंल. आन माझ्या हातानं सुटलाच न्हाई म्हनत आसाल तर त्यो देवाचा नव्हंच, आमच्या दावनीचा गोऱ्हा हाय. मंग त्याला बांधाया कुनाची परवानगी?"

धनसिंग मागं बसले होते, ते मोठ्यानं हसले. पाटलांनी त्यांच्याकडे रागानं बघितलं, मग माझ्याकडे, मग बैलाकडे. बैल पाराच्या दगडाला पाठ घासत होता. "बांध बाई," ते म्हणाले, "एकदाचा बांध."

जिंकल्यासारखं वाटलं, पण फार वेळ नाही. मागं वळले तर आत्याबाई उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. डोळे कोरडे होते त्यांचे. म्हणाल्या, "मंग ते सुटलेच न्हाईत म्हन."

याचा विचार मी केला नव्हता. बैल वाचवायचा, गावाला गप्प करायचं, तुमचं नाव, माझं नाव, सगळ्याचा विचार केला आणि त्या म्हातारीचा केला नाही. ती नऊ महिने बैलाला भाकरी घालत होती ती आपला माणूस मोकळा झाला या समाधानात. ते मी चार माणसांसमोर काढून घेतलं. त्या घरात निघून गेल्या.

धनसिंगांनी आणि त्यांच्या दोन माणसांनी बैलाला आवारात घेतलं. मी नवा दोर काढत होते, तेवढ्यात आत्याबाई आतून जुना दोर घेऊन आल्या. खुंटीवर ठेवला होता त्यांनी, वासराच्या वेळचा, तेराव्याला मी सोडला होता तोच. "ह्यो घाल," म्हणाल्या. "ग्यानबा येईल तवा त्याला सोडंल. तवर बांधून ठिव."

तो दोर एवढ्या मोठ्या बैलाला पुरायचा नाही असं मला वाटलं. पण लुतीनं मान अशी वाळली होती की पुरला. गाठ मारून वर बोटभर टोक उरलं.

मग पहिल्या दिवशी उजवी बाजू. खपल्या भिजवल्या, काढल्या, तुमचं गंधक करंजाच्या तेलात खलून चोळलं. आत्याबाई डोक्याशी बसून त्याच्याशी बोलत होत्या, "जरा दमा, आग व्हईल, मंग बरं वाटंल." मी पदर खोचून पाठीवर. सासऱ्याच्या अंगाला हात लावायची वेळ माझ्यावर आली, आणि जिवनबाईनं हे गावभर केलं. करू दे. डावी बाजू उद्या करायची आहे.

द्वारका


साखरा, माघ वद्य द्वादशी

मिराच्या वडिलांस नमस्कार.

यावेळी रीतीप्रमाणे लिहिते, इकडे सर्व खुशाल.

कपिली व्यायली. कालवड आहे, अंगावर एक खपली नाही. गावातल्या सगळ्या खांबांना चुना दिला आहे, लग्नघरासारखं दिसतं गाव. पाटलांनी आपल्या जोडीला स्वतः तेल चोळलं, आणि आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला किडा कसा चालतो ते सांगतात, जणू भिंगातून त्यांनीच पहिल्यांदा बघितला.

मामंजींना तिसऱ्यांदा तेल झालं. परवा मी त्यांच्या वशिंडाजवळ सुरीनं खरवडलं, तोच लुगड्याचा काठ घेतला आणि उन्हात धरून बसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. काही हललं नाही. डॉक्टरही गोरेगावला आले होते, त्यांच्याकडून खात्री करून घेतली. पाठीवर कोवळे केस आले आहेत, हात फिरवला की मऊ लागतात. मांडीवरचा डाग खपल्यांखाली गेला होता तो परत दिसायला लागला.

आत्याबाई माझ्याशी बोलतात. आधी थोडं, आता पहिल्यासारखं. रोज सकाळी त्याच्या गळ्यातला दोर बोटानं चाचपतात आणि मग चूल पेटवतात. काही म्हणत नाहीत. काल मात्र म्हणाल्या, "तुझा काई दोस न्हाई बाई. तू न्हाई सोडला असता तर जित्राब मेलं असतं. पर त्यांना लेकाचाच हात पायजे व्हता." आणि दोर चाचपत, "लेकालाबी पायजे व्हता, त्याला म्हाईत नव्हतं."

मला वाटतं, त्यांचं खरं आहे. मोऱ्या गेला त्याला इलाज नाही. धुऱ्याचं पाणीही वाहून गेलं. पण राहिलेलं एक काम पुन्हा हातात येतं असं फार कमी वेळा होतं, आणि आपल्याला ते लुतीमुळं मिळालं. तुम्ही त्या दिवशी ज्या गाठीवरून हात काढून घेतलात ती गाठ आज पुन्हा त्याच गळ्यात आहे, त्याच दोराची. फाल्गुन शुद्ध नवमीला मामंजींचं वर्षश्राद्ध. गावाला मी सांगून टाकलं आहे की त्या दिवशी बैल सुटेल आणि मुलगा सोडेल. पाटील म्हणाले, "आन त्यो आला न्हाई तर?" मी म्हटलं, येईल. तुम्ही आला नाहीत तर मी खोटी पडेन, बाकी काही नाही.

दोन वर्षं मी तुम्हा दोघांचे निरोप पोहोचवले. आता हा शेवटचा, आणि तो मामंजींचा आहे असं समजा, कारण तोंडानं न बोलता सांगायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. अंग भरायला लागलं तसा दोर मानेत रुतायला लागला. नवा दोर आत्याबाई घालू देत नाहीत. दर चार दिवसांनी मी गाठ थोडी पुढं सरकवते. बोटभर टोक उरलं होतं, तेही आज सकाळी संपलं. आता सैल करायला दोर नाही. पुढच्या वेळी हात लावायचा तो सोडायलाच, आणि तो माझा लागणार नाही.

गाडी नाल्यापाशीच सोडा आणि पायी या, गाडीचे बैल अंग घासतील, खांबांचा चुना अजून ओला आहे.

द्वारका